एकच प्रभू, निरनिराळ्या रीती: संयुक्त उपासना आणि मंडळीतली शांती प्रत्यक्षात कशी राखायची?

मोहरीचा_दाणा

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. १९०८ साली सुरू झाला. १९६८ पासून त्याची प्रार्थनापत्रिका व्हॅटिकन आणि जागतिक मंडळी परिषद मिळून तयार करतात. बऱ्याच गावांत या आठवड्यात संयुक्त प्रार्थनासभा होते. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, पेन्टेकॉस्टल, कुठे केरळच्या मार थोमा मंडळीची कुटुंबं. त्या एका संध्याकाळीही बरंच काही बिनसतं, आणि उरलेल्या वर्षाचं काय हा प्रश्न राहतोच. म्हणून हा धागा.

ऐक्य म्हटलं की आपण योहान १७, म्हणजे ‘सर्वांनी एक व्हावं’ ही येशूची प्रार्थना वाचतो. तो वाचावाच. पण वेगळ्या वळणाच्या माणसाला घरात कसं घ्यायचं, याची खरी कार्यपद्धती प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात, रोमकरांस १४ आणि १५ मध्ये आहे. तिची पार्श्वभूमी समजली की वचनं वेगळी वाचता येतात. सुमारे इ.स. ४९ मध्ये क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला त्यामुळेच करिंथात आले (प्रेषितांची कृत्ये १८:२). ५४ मध्ये क्लौद्य मेला, यहुदी परतू लागले. मधल्या काळात घरोघरच्या मंडळ्या परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांनी चालवल्या होत्या, त्यामुळे पंगत, वार, सण सगळं त्यांच्या वळणावर गेलेलं. परत आलेल्यांना आपल्याच घरात पाहुणे झाल्यासारखं वाटलं असणार. ५७ च्या आसपास पौलाचं पत्र येतं ते या घरांत.

१४:३ नीट वाचा. तिथे दोन वेगळी पापं सांगितली आहेत. सगळं खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. मोकळ्या माणसाचं पाप तिरस्काराचं, काटेकोर माणसाचं पाप न्यायनिवाड्याचं. आपण बहुतेक वेळा दोघांना एकच उपदेश करतो, आणि तो दोघांनाही लागू पडत नाही.

आणखी एक. पौलाने निकाल दिला नाही असं नाही. कोणताही पदार्थ मूळचा निषिद्ध नाही, हे तो १४:१४ मध्ये स्पष्ट सांगतो. पण मग ज्याची बाजू बरोबर ठरली त्याच्याच खांद्यावर ओझं ठेवतो (१५:१). ज्याचा वरचष्मा, त्याने आधी सरकायचं. माझ्या मते या विषयावरची सगळी ख्रिस्ती शिकवण याच एका वाक्यावर उभी आहे.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावं. संयुक्त उपासनेत नेमकं काय अडतं आणि त्यावर उपाय काय? आणि एकाच मंडळीत निरनिराळ्या जातींतून, भाषांतून, घराण्यांतून आलेले लोक असतात तिथे काय करावं? कृपया ठोस लिहा.

---

तांबडी_माती

पहिल्या प्रश्नापुरतं.

संयुक्त सभेत प्रभुभोजन (भाकर आणि पेल्याचा विधी, कॅथलिकांचा ख्रिस्तप्रसाद) ठेवू नका. कॅथलिक धर्मगुरू त्यांच्या धर्मसभेच्या कायद्यातल्या कॅनन ८४४ ने बांधलेले आहेत. मरणाचा धोका किंवा बिशपांनी मान्य केलेली गंभीर गरज सोडली, तर प्रोटेस्टंटांना ते ख्रिस्तप्रसाद देऊ शकत नाहीत, आणि कॅथलिकांनाही आपल्याकडे घेता येत नाही. हे माहीत असून भोजन ठेवलं तर एक तर त्या धर्मगुरूंना सगळ्यांसमोर नकार द्यावा लागतो, नाहीतर त्यांचे लोक मागच्या बाकावर खाली मान घालून बसून राहतात. दोन्ही वाईट. पण भोजन का नाही, हे मात्र लपवू नका. प्रास्ताविकातच दोन वाक्यांत सांगा की आपण अजून एका मेजावर बसू शकत नाही, याचं दुःख आहे, आणि त्यासाठीच प्रार्थना करायला जमलो आहोत. हे मोकळेपणाने बोललं की सभेतला अर्धा ताण जातो.

दुसरी अडचण प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटाची. ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर कॅथलिक थांबतात. प्रोटेस्टंट त्याच दमात ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत’ म्हणत पुढे जातात. मध्येच अर्ध्या सभेचा आवाज गळतो आणि सगळे एकमेकांकडे बघू लागतात. कॅथलिकांना हे शब्द येत नाहीत असं नाही. मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) त्या आधी धर्मगुरूंची एक छोटी प्रार्थना असते आणि मग लोक ते शब्द म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडे ते थोडे उशिरा येतात. उपाय सोपा आहे. संपूर्ण प्रार्थना शेवटच्या ओळीसकट कागदावर छापा आणि चालवणाऱ्याने आधी सांगावं, ‘कागदावर आहे तशी, शेवटपर्यंत, सावकाश.’ पाठ म्हणायला लावलंत तर गोंधळ नक्की. मधल्या ओळींतही ‘ऋणे’ आणि ‘अपराध’ असे फरक आहेतच.

मतांगीकार (श्रद्धेची एकत्र म्हणायची कबुली) घ्यायचा असेल तर प्रेषितांचा घ्या. नायसियाचा घेणार असाल आणि सभेत ऑर्थोडॉक्स बंधुभगिनी असतील तर इ.स. ३८१ चा मूळ पाठ घ्या. पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो, यातले ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेने नंतर घातले. पूर्वेकडच्या मंडळ्या ते म्हणत नाहीत, आणि ते गाळल्याने आपल्या श्रद्धेतलं काही कमी होत नाही.

वेळ सव्वा तास धरा. दोन वाचनं, चार गीतं, एकच उपदेश, तो १५ मिनिटांचा. पाच पाळकांना ‘दोन शब्द’ बोलायला दिले तर पाऊण तास तिथेच जातो. यजमान मंडळीच्या पाळकांनी उपदेश करू नये, तो पाहुण्याने करावा. जागा तुमची तर वाणी त्यांची.

---

वसईची_केळ

तांबडी_माती, पत्रिकेच्या कागदाविषयी थोडी भर.

आपली भाषा एक असली तरी चर्चमधली मराठी दोन आहेत. तुमचा बाप्तिस्मा, आमचा स्नानसंस्कार. तुमची मंडळी, आमची ख्रिस्तसभा. तुमचे पाळक, आमचे धर्मगुरू. कागदावर सगळे शब्द एकाच बाजूचे आले की दुसऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की आपण पाहुणे आहोत. दोन्ही शब्द आलटून पालटून वापरा. तळटीपा देत बसू नका, लोकांना कळतं.

वाचनं ६६ पुस्तकांतूनच निवडा. आमच्या बायबलमधली जास्तीची पुस्तकं आम्हाला प्रिय आहेत, पण त्या दिवशी त्यांचा आग्रह नको. जपमाळ आणि मरियेच्या प्रार्थना आम्ही या सभेत ठेवत नाही. यात काही नाकारण्याचा प्रश्न नाही, पंगतीत सगळ्यांना चालेल तेच वाढावं एवढंच. मात्र त्याच न्यायाने उपदेशकाने मरियेवर आणि पोपवर घसरू नये. हे आधी सांगावं लागतं, गृहीत धरू नका.

कॅथलिकांच्या बाजूने याला भक्कम आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं ऐक्यावरचं फर्मान २१ नोव्हेंबर १९६४ चं. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आम्ही खरा मानतो, पुन्हा देत नाही. ‘आम्हाला तुम्ही ख्रिस्ती तरी मानता का?’ हा प्रश्न अजूनही विचारला जातो, त्याचं उत्तर हे आहे.

---

ओवीकार

गीतांबद्दल लिहितो, कारण सभा बहुतेक तिथेच तुटते किंवा जुळते.

प्रत्येक मंडळीचं एक गीत, हा हिशेब न्याय्य वाटतो पण चालत नाही. प्रत्येक गीताला तीन चतुर्थांश लोक गप्प. ना. वा. टिळकांची भजनं प्रोटेस्टंट घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांची चाल भजनाची असल्याने नवखा माणूसही दुसऱ्या कडव्यापासून सूर धरतो. चारपैकी दोन गीतं अशी ध्रुपद घोळवणारी ठेवा. एक नव्या पद्धतीचं स्तुतिगीत, एक कॅथलिक गायनवृंदाचं. वाचनाआधी फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या आठदहा ओव्या म्हणा. १६१६ साली गोव्यात एका इंग्रज जेझुइटाने मराठीत रचलेलं हे काव्य. कॅथलिक ग्रंथ आणि टिळकांचं भजन एका सभेत आलं की आपला वारसा मुळात किती एकत्र आहे हे न सांगता ऐकू येतं.

पट्टी खाली ठेवा. गायनवृंदाला काळी चार सोयीची वाटते, सभेला काळी एक. वादनात हार्मोनियम, तबला, टाळ पुरे. ड्रमसेट असेल तर फक्त त्या एका गीताला.

पेन्टेकॉस्टल बंधू सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. सवय नसलेल्याला तो गलका वाटतो आणि तो गप्प होतो. उलट, कॅथलिकांची शांत थांबण्याची पद्धत पेन्टेकॉस्टलांना सभा थंडावल्यासारखी वाटते. दोन्ही ठेवा, वेळ जाहीर करून. ‘आता तीन मिनिटं ज्याला जसं वाटेल तसं मोठ्याने’, मग घंटा, ‘आता दोन मिनिटं पूर्ण शांतता’. घंटा हवीच, नाहीतर तीन मिनिटांची दहा होतात.

---

दीपस्तंभ

वाचतोय. पण एक आक्षेप मांडतो आणि तो मनापासून आहे.

सगळ्यांना चालेल तेवढंच ठेवायचं असं करत गेलो तर शेवटी हातात काय उरतं? गलतीकरांस २ मध्ये पौलाने केफाला (म्हणजे पेत्राला) सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. शांतीसाठी तो गप्प बसला नाही. काही ठिकाणी ऐक्याच्या नावाखाली सत्यावर पांघरूण घातलं जातं. लहान मुलाला दिलेला बाप्तिस्मा वचनाप्रमाणे नाही असं ज्याला खरोखर वाटतं, त्याने सप्ताहभर तसं वाटत नसल्यासारखं वागायचं का?

---

मोहरीचा_दाणा

दीपस्तंभ, आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

पण केफा कशाबद्दल चुकला ते बघा. अंत्युखियात तो परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडची माणसं आल्यावर तो पंगतीतून उठला. म्हणजे पौलाने जाहीर विरोध केला तो ऐक्य मोडण्याला. सत्य आणि एकत्र जेवणं या दोन गोष्टी त्या अध्यायात वेगळ्या नाहीतच.

कुठे नमायचं आणि कुठे नाही, याची कसोटीही पौलानेच घालून दिली आहे. आपल्या दोन सोबत्यांपैकी तीताची सुंता त्याने होऊ दिली नाही (गलती २:३). तीमथ्याची मात्र स्वतः करवली (कृत्ये १६:३). विधी तोच, निर्णय उलटे. तीताच्या वेळी ती तारणाची अट म्हणून मागितली जात होती, तिथे एक पाऊलही मागे नाही. तीमथ्याच्या वेळी ती फक्त यहुद्यांत वावरताना येणारा अडथळा दूर करण्यासाठी होती, तिथे पूर्ण सवलत. आपल्या प्रत्येक वादाला हा प्रश्न विचारून बघा: ही अट म्हणून मागितली जाते आहे की अडथळा म्हणून?

दागिने घ्या. मंगळसूत्रात क्रूस ओवून घालणारी आपली आई आणि मंगळसूत्र, बांगड्या काहीच न घालणारी पेन्टेकॉस्टल बहीण. दोघींनीही रोमकरांस १४:५ प्रमाणे आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी. पण ‘दागिने काढल्याशिवाय बाप्तिस्मा नाही’ असं कुणी म्हटलं की ती तीताची जागा झाली, तिथे नाही म्हणायचं. आणि दागिने घालणारीने त्या बहिणीच्या मोकळ्या गळ्याकडे कीव करून बघितलं, तर ते तुच्छ मानणं झालं.

बाप्तिस्म्याबद्दल: कुणी आपलं मत लपवावं असं मी म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय स्थापन झाली तेव्हा अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्याला देणारेही. त्यांनी दोन्ही रीती एका मंडळीत मान्य केल्या. कुणाला मत सोडायला लावलं नाही. पाळायची मर्यादा एकच: दुसऱ्याच्या सदस्याला आपल्याकडे बोलावून पुन्हा बाप्तिस्मा देऊ नये. जागतिक मंडळी परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजातही पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही करणं टाळावं असं आहे. मत ठेवा, पण शेजारच्या मंडळीच्या हौदातला मासा आपल्या हौदात टाकू नका. गावातली शांती सगळ्यांत जास्त याच कारणाने मोडते.

---

नगरी_बाभूळ

दुसऱ्या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पंथांमधल्या भिंतींबद्दल आपण मोकळेपणी बोलतो, जातीच्या भिंतीबद्दल आवाज खाली येतो.

इफिसकरांस २:१४ मधली ‘आडभिंत’ नुसती उपमा नाही. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांच्या अंगणाच्या पुढे खरोखर एक कठडा होता. त्यावरचा ग्रीक शिलालेख १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला सापडला, आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. मजकूर असा की कुणाही परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, जो पकडला जाईल त्याच्या मरणाला तोच जबाबदार. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर असं न लिहिलेलं फर्मान ज्यांच्या आज्यापणज्यांनी सोसलं, त्यांना इफिसचं पत्र समजवावं लागत नाही. त्यांना एवढंच विचारायचं असतं की मंडळीच्या आत ती भिंत पुन्हा का दिसते.

ती नेमकी कुठे दिसते ते लिहितो. अध्यात्मावर कितीही बोललं तरी ती इथेच असते.

पेला. मराठीत ‘उष्टं’ हा एक शब्द आहे आणि त्यात सगळी जातव्यवस्था मावते. कुणाचं उष्टं कोण खातो आणि कुणाच्या हातचं पाणी कोण पीत नाही, यावर माणसाची जागा ठरत असे. म्हणून सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावणं ही आपल्या मातीत अतिशय मोठी गोष्ट होती. २०२० नंतर बऱ्याच मंडळ्यांनी आरोग्यासाठी छोटे पेले आणले. त्याला माझा विरोध नाही. पण खूण हरवू देऊ नका. भाकर तरी एकच ठेवा, आधी चौकोनी कापून ताटात रचू नका, सगळ्यांसमोर मोडा. १ करिंथ १०:१७ चा सगळा अर्थ ‘एक भाकर’ या शब्दांत आहे. आणि भाकर-पेला घेऊन फिरणाऱ्या वडिलांत एकाच आडनावांचे लोक दिसणार नाहीत असं बघा.

पद. कृत्ये ६ वाचा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी समजूत घालून पाठवलं नाही. सात माणसं निवडली आणि सातांची नावं ग्रीक: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पूर्ण वाटप दिलं. आपल्या कमिट्यांत तक्रार करणाऱ्या गटाचा एक माणूस ‘प्रतिनिधी’ म्हणून घेतात आणि किल्ल्या मात्र जुन्यांकडेच राहतात. मग दोन वर्षांनी तोच वाद.

बैठक. याकोब २:१-४. सोन्याच्या अंगठीवाल्याला खुर्ची आणि गरिबाला पायाशी जागा. सतरंज्या आणि खुर्च्या दोन्ही असतील तर पाळकांच्या घरच्यांनी सतरंजीवर बसावं. एवढ्याने बरंच बदलतं.

कब्रस्तान. इथे भिंत सगळ्यांत टणक असते. स्वतंत्र मंडळ्यांकडे बहुधा जमीनच नसते, आणि घरात मयत असताना त्या कुटुंबाला चार दारं ठोठवावी लागतात. गावातल्या मंडळ्यांनी ऐक्याचं एकच काम करायचं असेल तर हे करा: लेखी समझोता की बाप्तिस्मा झालेल्या कुणाही ख्रिस्ती व्यक्तीला जागा मिळेल, शुल्क सगळ्यांना सारखं, दफनविधी त्याच्या मंडळीचा पाळक करेल, आणि कुठल्याही रांगा घराण्याच्या नावाने राखीव नसतील. रात्री दोन वाजता फोन आला तर कुणी उचलायचा, त्याचं नाव दर महिन्याला ठरलेलं असावं. मरणाच्या दिवशी वाटाघाटी करायला लावणं हे फार मोठं पाप आहे असं मी मानतो.

२०१३ च्या प्रार्थना सप्ताहाची पत्रिका भारतातल्या स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केली होती, मीखा ६:६-८ वर, दलित ख्रिस्ती लोकांची स्थिती मध्यभागी ठेवून. जगभरच्या मंडळ्यांनी त्या वर्षी ती वापरली. आपण ती पुन्हा काढून वाचायला हरकत नाही.

---

पाणवठा

नगरी_बाभूळ, कब्रस्तानाचा मुद्दा कुणीतरी मांडायलाच हवा होता. धन्यवाद.

पेल्याचा विषय निघाला आहे तर रसाविषयी. मेथडिस्ट परंपरेत न आंबलेला रस वापरतात. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च यांनी द्राक्षरस तापवून टिकवण्याची रीत काढली ती याचसाठी. अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत द्राक्षारस असे. एकत्र आलेल्या मंडळीत दारू सोडलेला एक जरी माणूस असेल तर रोमकरांस १४:२१ प्रमाणे सगळ्यांनीच रस घ्यावा. त्या एकासाठी वेगळा पेला ठेवला की सगळ्यांना त्याच्याबद्दल कळतं.

घरी करायचा तर ५०० ग्रॅम काळे मनुके दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास उकळून कुस्करायचे आणि पातळ फडक्यातून गाळायचे. दीड लिटरच्या आसपास रस मिळतो. एका छोट्या पेल्यात १० मिली धरली तर सव्वाशे माणसांना पुरून उरतो. शनिवारीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर रविवारपर्यंत आंबू लागतो, आणि मग ज्यासाठी केला तेच फसतं. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं नको.

---

तांबडी_माती

जेवणाचंही सांगून टाकतो. सभेनंतर प्रेमभोजन ठेवणार असाल तर मुख्य जेवण शाकाहारी करा: वरण, भात, भाजी, पोळी, एक गोड. सगळ्यांना चालतं आणि कुणाला ‘यात काय आहे?’ असं विचारावं लागत नाही. डबे आणायला सांगितले की ज्याचा डबा त्याचा कोपरा होतो. करिंथात नेमकं हेच झालं होतं, एक उपाशी आणि एक पिऊन तर्र (१ करिंथ ११:२१). पौलाने तिथे दिलेली सूचना अगदी घरगुती आहे: एकमेकांसाठी थांबा (११:३३). म्हणून स्वयंपाक एकत्र, आणि वाढपी सगळ्या मंडळ्यांचे मिसळून. वाढताना माणसं जेवढी ओळखीची होतात तेवढी व्याख्यानात होत नाहीत.

---

सतरंजी

प्रश्न: भोजन नसेल तर शांतीचं अभिवादन ठेवता येईल का? आमच्याकडे बायका-पुरुष वेगवेगळे बसतात आणि हस्तांदोलन वयस्कर बायकांना नको वाटतं.

आणि प्रसादाबद्दल कुणी लिहाल का? शेजारच्या गणपतीचा प्रसाद नव्याने विश्वासात आलेली कुटुंबं घेत नाहीत, तीन पिढ्यांची ख्रिस्ती कुटुंबं कधी कधी घेतात, आणि मंडळीत त्यावरून फार कटुता येते.

---

वसईची_केळ

अभिवादन जरूर ठेवा. सीएसआयच्या (चर्च ऑफ साउथ इंडिया) उपासनेत एक सुंदर रीत आहे, केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतून घेतलेली. देणाऱ्याने आपला उजवा तळवा घेणाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावायचा आणि मग दोघांनी आपापला डावा हात दुसऱ्याच्या उजव्या हातावर मिटायचा. वेदीपासून सुरू होऊन ती शांती हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाते. बायकांकडे पाळकांच्या पत्नीने किंवा सेविकेने न्यावी, पुरुषांकडे पाळकांनी. ज्यांना स्पर्श नको त्यांनी हात जोडून ‘शांती असो’ म्हणावं. ‘जय ख्रिस्त’ की ‘प्रेझ द लॉर्ड’ हा वाद त्या दिवशी नको, दोन्हींतून मंडळी ओळखू येते. ‘शांती असो’ सगळ्यांचंच आहे.

याची जागा मत्तय ५:२३-२४ मुळे अर्पणाच्या आधी. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्याच्यापर्यंत उठून जाता यावं इतका वेळ द्या, निदान पाच मिनिटं. गीत लगेच सुरू केलं तर लोक शेजारच्यालाच हात देऊन बसतात.

---

मोहरीचा_दाणा

प्रसादाचं उत्तर १ करिंथ ८ आणि १० मिळून वाचावं लागतं. मूर्ती काहीच नाही, हे ज्ञान खरं (८:४). पण सर्वांच्या ठायी ते ज्ञान नाही, कारण काहींना पूर्वीची सवय आहे (८:७). नव्याने आलेल्या कुटुंबासाठी तो पेढा म्हणजे कालपर्यंतची सगळी भक्ती असते, त्याला साखर-खवा म्हणता येत नाही. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती माणसाला ही ओढ माहीतच नसते, म्हणून त्याला तो प्रश्न छोटा वाटतो. १०:२७-२८ प्रमाणे कुणी बोलावलं तर जावं, समोर आलेलं काही न विचारता खावं, पण ‘हे अर्पण केलेलं आहे’ असं सांगितलं गेलं तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये. म्हणजे प्रसाद म्हणून दिला तर घेऊ नये. नाकारताना मात्र प्रेमाने, शेजाऱ्याचा अपमान न करता, आणि शक्य तर त्याच्या घरचा चहा घेऊन. आणि मंडळीत ज्याने घेतला त्याच्यावर उपदेशातून नाव न घेता टोमणे मारू नयेत. हा दोष लावण्याचा सगळ्यांत भेकड प्रकार आहे.

---

दीपस्तंभ

तीत आणि तीमथ्य यांचा मुद्दा पटला. माझं बाप्तिस्म्याबद्दलचं मत तेच आहे, पण दुसऱ्याच्या सदस्याला बोलावू नये हे मान्य.

भांडण झाल्यावर काय, यावर लिहितो. मत्तय १८:१५-१७ मध्ये तीन पायऱ्या आहेत: एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना बरोबर न्या, मग मंडळीला सांगा. आज पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी होते, आणि तीही व्हॉट्सअ‍ॅप गटावर. तीनशे लोकांनी वाचलेला आरोप मागे घेता येत नाही, कारण माघार सगळे वाचत नाहीत. नियम करा की मंडळीच्या गटावर कुणाही व्यक्तीविरुद्ध मजकूर टाकला जाणार नाही आणि टाकला तर गटप्रमुख तो त्याच दिवशी काढेल. दुसऱ्या पायरीला नेलेल्या दोघांपैकी एक तरी समोरच्याच्या वळणाचा असावा, त्याच्या भाषेचा किंवा समाजाचा. दोघेही आपलेच नेले तर समोरच्याला ती फौज वाटते. पौलाने युवदीया आणि सुंतुखे यांचा वाद मिटवायला तिसऱ्या एका सोबत्याला मदत करायला सांगितलं, आणि दोघींची नावं घेताना कोण चुकलं हे लिहिलंच नाही (फिलिप्पै ४:२-३).

---

नगरी_बाभूळ

दोन स्वतंत्र मंडळ्या कायमच्या एकत्र यायचा विचार करत असतील त्यांच्यासाठी एक कोरडी पण गरजेची गोष्ट. उपासना एकत्र झाली म्हणून मालमत्ता एकत्र होत नाही. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या जागांबद्दल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसरीकडे जात नाही. महाराष्ट्रात संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) द्यावा लागतो, आणि दोन विश्वस्त संस्थांच्या एकत्रीकरणाला कलम ५०अ खाली योजना करून घ्यावी लागते. प्रेमात असताना हे कागद करा, नंतर वकील करतात. आणि २७ सप्टेंबर १९४७ ला सीएसआय झाली तेव्हा दिलं गेलं तसं वचन लिहून ठेवा: कोणत्याही मंडळीवर तिच्या सद्सद्विवेकाला न पटणारी उपासनापद्धती किंवा सेवक लादला जाणार नाही. लहान मंडळीला या एका वाक्याचा फार आधार वाटतो.

---

सतरंजी

सगळ्यांचे आभार, कागद तयार करायला घेतला आहे. शेवटचा प्रश्न: त्या दिवशीचं अर्पण कुणाच्या खात्यात?

---

तांबडी_माती

यजमान मंडळीच्या नको, आणि सारखे भागही करू नका. पौलाची वर्गणी आठवा. मासेदोनिया आणि अखयातल्या परराष्ट्रीय मंडळ्यांनी यरुशलेमच्या गरीब यहुदी विश्वासणाऱ्यांसाठी पैसे जमवले (रोम १५:२६). दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने घरीच बाजूला ठेवायचे, म्हणजे ऐनवेळी धावपळ नाही (१ करिंथ १६:२). कुणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर निरनिराळ्या प्रांतांची माणसं नेली. कृत्ये २०:४ मध्ये त्यांची नावं आहेत: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकूंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. त्यातल्याच त्रफिमाला पौलाने कठड्याच्या आत नेलं, असा आरोप करून यरुशलेमात दंगल झाली (२१:२९). वर नगरी_बाभूळ यांनी लिहिलेला तोच कठडा.

तुमच्याकडेही काम आधी ठरवा, दोन महिने आधी जाहीर करा, आणि ते काम जमलेल्यांपैकी कुणाचंच नसावं. दवाखान्यातले रुग्ण असोत की शाळेतल्या मुलांची फी. मोजायला प्रत्येक मंडळीचे दोघे, मोजणी त्याच खोलीत त्याच वेळी, कागदावर सगळ्यांच्या सह्या, आणि आकडा पुढच्या रविवारी प्रत्येक मंडळीत वाचून दाखवायचा. पाकिटं वाटणार असाल तर साधी पांढरी वाटा, मंडळीचं नाव छापलेली नकोत. नाव असलं की लोक आपापल्या पाकिटांचा गठ्ठा वेगळा मोजू लागतात.